जावळाचा गोंडा सोडणाऱ्या अंगणवाडी अक्कांना

अक्का, नमस्कार.

आमच्या पोरीची लांबी तुम्ही नीट मोजलीत, त्याबद्दल समोर आभार मानले असते तर "त्यात काय एवढं की" म्हणून तुम्ही पुढच्या बाळाकडं वळला असता. म्हणून हे पत्र.

आमच्या पोरीवर 'वाढ खुंटलेली' असा शिक्का बसला होता. शहरातल्या एका दवाखान्यात शिवणकामाची टेप तिच्या अंगावरून फिरवली, ६७.४ सेंटीमीटर लिहिलं आणि तिच्या आईला, म्हणजे माझ्या वहिनीला, सुनावलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात बारा महिने पूर्ण झालेल्या मुलीची लांबी ६८.९ च्या खाली गेली की खुंटलेली धरतात, हे खरंच. पण त्याच कार्डावर नवव्या महिन्याचं माप ६८.२ होतं. तीन महिन्यांत पोर आखूड झाली? लांबी घटत नसते, घटलेली दिसली तर माप चुकलेलं असतं. वरची ओळ वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. घरी मात्र वहिनीच्या दुधावर, स्वयंपाकावर, माहेरच्या ठेवणीवरसुद्धा बोलून झालं.

टेपनं बाळाची लांबी कळत नाही. डोक्याकडचं टोक कुठं धरायचं ते ठरलेलं नसतं, टाचेकडचंही नसतं, मध्ये गुडघे दुमडलेले असतात. कापडी टेप वापरून ताणली गेली असेल तर आकडा आणखी कमी येतो.

तुम्ही इन्फँटोमीटर, म्हणजे बाळाला आडवं ठेवून लांबी मोजायची फळी, टेबलावर न ठेवता सपाट फरशीवर ठेवलात. पावसाळ्यात आमच्या खानापूर भागात ती फळी बर्फासारखी गार पडते, आणि उघडं अंग टेकलं की बाळ पाय पोटाशी घेतं. त्यावर तुम्ही धुतलेल्या सुती लुगड्याचा एकच पदर अंथरलात. वाकळ घातली असती तर पोर त्यात रुतली असती आणि टाळू फळीला नीट टेकली नसती. कुंची, झबलं, मोजे, वाळे सगळं काढायला लावलंत. लंगोटसुद्धा, कारण जाड लंगोटानं मांड्या फाकतात आणि पाय सरळ होत नाहीत.

आणि मग तो गोंडा. जावळ अजून काढलेलं नाही, म्हणून वहिनीनं डोक्यावर मधोमध शेंडी वळून लाल गोंडा बांधला होता. घाईत असलेला माणूस त्यावरच फळी टेकवतो आणि एक-दीड सेंटीमीटर फुकटचा वाढतो. तुम्ही वहिनीला विचारलंत, "सोडू का?" गाठ सोडलीत, गोंडा पदराच्या टोकाला बांधून ठेवलात, आणि माप झाल्यावर शेंडी होती तशी वळून दिलीत. बाहेर आयांची रांग होती तरी. इतक्या दिवसांत वहिनीला काही विचारणाऱ्या पहिल्या तुम्हीच.

डोकं धरायला वहिनीलाच बसवलंत. कानांवर दोन्ही तळवे, टाळू उभ्या फळीला घट्ट, बाळाची नजर सरळ वर. कानाच्या छिद्रापासून डोळ्याच्या खालच्या कडेपर्यंतची रेष पाठीखालच्या फळीशी काटकोनात यायला हवी. हनुवटी छातीकडं झुकली किंवा मान मागं गेली की माप बिघडतं. तुम्ही बाजूला बसून एका हातानं दोन्ही गुडघे हलके दाबलेत, दुसऱ्या हातानं सरकती फळी टाचांना लावलीत. तिचे तळपाय सपाट, बोटं आभाळाकडं. आकडा मिलिमीटरपर्यंत वाचून मोठ्यानं म्हटलात: ७१.३. मग पोरीला उचलून, पुन्हा ठेवून दुसऱ्यांदा: ७१.६. दोन मापांत ७ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, इथं ३ च होता. सरासरी ७१.४५. त्या वयाच्या मुलींचा मध्य ७४ आहे, म्हणजे पोर जरा ठेंगणी, खुंटलेली नाही.

आकडा जास्त आला म्हणून हे आभार नाहीत. कमी आला असता तरी तो खरा असता, आणि पुढचं काय करायचं ते ठरलं असतं. लांबी चुकून कमी लिहिली की वजन त्या लांबीला पुरेसं दिसतं आणि खरोखर वाळत चाललेलं मूल नजरेतून सुटतं. जास्त लिहिली की धडधाकट मूल हडकुळं ठरतं, आणि खुंटलेलं असेल तर ते झाकलं जातं. दोन वर्षांच्या आत आडवं, त्यापुढं उभं मोजायचं हा नियमही असाच हसण्यावारी नेतात. आडव्या मापापेक्षा उभं माप साधारण ०.७ सेंटीमीटर कमी भरतं. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं राहीच ना म्हणून उभं मोजलं, तर तेवढं मिळवावं लागतं. कोण मिळवतं?

२०१८ च्या पोषण अभियानापासून फळ्या आल्या, मोबाईलवर आकडे भरणंही आलं. कन्नडमध्ये भरायचं, मराठीत समजावायचं, हे दोन्ही तुम्ही करता, आणि मानधनाबद्दल न बोललेलंच बरं. तरी परक्याच्या लेकराला हात लावण्याआधी त्याच्या आईला विचारणं तुम्हाला सुचतं. हा भलेपणा कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत, आणि मोठ्या पाटीच्या दवाखान्यांत तो शोधावा लागतो.

एक मात्र सांगते, रागावू नका. तुमच्या फळीचा सरकता भाग थोडा डुलतोय. बरोबर ६० सेंटीमीटर कापलेली लोखंडी सळी पाठवते आहे. सकाळी पहिलं बाळ यायच्या आधी ती फळीवर ठेवून बघा. ६० पेक्षा कमी-जास्त दाखवलं तर स्क्रू आवळा, आणि पट्टीचा स्टिकर शून्यापासून सरकलाय का तेही बघा.

तुमची,
पोरीची आत्या (पेशानं नर्स)
खानापूर तालुका, बेळगाव