सर्वांत लहान दिवस, पण सर्वांत उशिराचा सूर्योदय नव्हे

संपादक महोदय,

नाताळच्या सुट्टीतील सामान्यज्ञानाच्या कोड्यांत ‘सर्वांत उशिरा सूर्योदय कधी?’ याचं उत्तर हमखास २२ डिसेंबर दिलेलं असतं. ते चूक आहे. त्या सुमारास दिवस सर्वांत लहान असतो, इतकंच. मुंबईत सर्वांत लवकर सूर्यास्त होतो तो नोव्हेंबरअखेर, सहाच्या आसपास. सर्वांत उशिरा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर, सव्वासातला. पृथ्वीचा अक्ष २३.४ अंश कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे डिसेंबरअखेरीस खरी मध्यान्ह, म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच असण्याची वेळ, घड्याळात रोज सुमारे अर्धा मिनिट उशिरा येते आणि सूर्योदय-सूर्यास्तही तिच्याबरोबर उशिराकडे सरकतात. आणि हो, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते! थंडी पडते ती किरण तिरपे आणि दिवस लहान म्हणून. उत्तरं छापण्यापूर्वी निदान पंचांगातला सूर्योदयाचा रकाना तरी पाहावा.

– एक वाचक, ठाणे