सूचना: जुने फोटो पाठवण्याआधी

सर्वांना नमस्कार. गणपतीत सगळे गावी जमतील, अल्बम निघतीलच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

फोटो इथे नेहमीसारखे टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅप ते बारीक करून पाठवतं आणि काढल्याची तारीखही पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कागदी फोटो जमल्यास ६०० डीपीआयवर (स्कॅनरमधली बारकाव्याची सेटिंग) स्कॅन करा. मोबाइलने घेणार असाल तर फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढू नका, फाटतात. निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. निगेटिव्ह कृपया फेकू नयेत.

आता मुख्य काम, नावांचं. आजी, आत्या, मामा बसलेले असतानाच विचारून घ्या: मुंजीच्या फोटोत मागे उभं कोण, गाव कुठलं, अंदाजे साल कोणतं. नावं डावीकडून उजवीकडे. नुसतं ‘काकू’ लिहू नका, आपल्याकडे काकू पुष्कळ आहेत! फोटोमागे लिहायला मऊ पेन्सिल; बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

मुलांचे आंघोळीचे फोटो ग्रुपवर नकोत. बाकी सगळं दसऱ्यापर्यंत पाठवा.