ठेकेदाराच्या वाड्याचं छप्पर पावसाळ्याआधी व्हायलाच पाहिजे (आवाहन)

गावकरी मंडळी, नोकरीसाठी बाहेर गेलेली पोरं, सासरी गेलेल्या लेकी, सगळ्यांना नमस्कार. मागच्या पावसात माडीवरचे कवेलू (कौलं) सरकले, पाणी देवघराच्या भिंतीत मुरलं आणि आता मधल्या सागवानी आड्याला बोट लावलं की बोट आत जातं, मी स्वतः शिडीवर चढून पाहिलंय.

नव्या पोरांसाठी थोडं लिहितो. 1900 च्या आसपास आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या मनसरकडच्या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या तेव्हा आपले ठेकेदार (नाव लिहू नका असं घरच्यांनी बजावलंय) आधी पाटी उचलायचे, मग टोळीचे मुकादम झाले, मग ठेका मिळाला. दगड फोडायचा, हातानं निवडायचा, चट्टे (रचलेले ढीग) लावायचे आणि मापावर पैसे. 1905 ला रशियात गडबड झाली, तिकडचा मँगनीजचा माल अडला आणि इथल्या काळ्या दगडाचे भाव चढले, त्या पैशात वाडा उभा राहिला. जोत्यात पाहा, दोन-तीन दगड मँगनीजचेच बसवलेत, हात फिरवला की काळा होतो. पुढे दोन-तीन वर्षांत भाव कोसळले, म्हणून माडीच्या डाव्या खांबांना नक्षी आहे आणि उजवे नुसते रंधा मारलेले. सुतारांना अर्ध्यातून परत पाठवलं पण मजुरी पूर्ण दिली, असं जुनी माणसं अजून सांगतात.

मागे देवडीचा दरवाजा बसवला तेव्हा हेडमास्तर सरांनी पेन्शनमधून पैसे दिले, भाजीवाल्या काकूंनी रुमालात बांधलेली चिल्लर आणून ठेवली, खाणीतल्या रिटायर मंडळींनी तर दोन रविवार स्वतः चुना कालवला. त्यांचे उपकार विसरता येत नाहीत.

आणि मागच्या मीटिंगला किती जण आले? अकरा. चहा पातेल्यातच थंड झाला. लग्नाचे फोटो काढायला मात्र ओसरीवर रांग लागते, तेव्हा वाडा सगळ्यांचा असतो. असो, बोलून गेलो.

आड्याचं लाकूड, वासे, कवेलू, मिस्त्रीची मजुरी, सगळं धरून पैसे लागतात, किमान 101 रुपये, जास्त कितीही, खजिनदारांकडे द्या, पावती घेतल्याशिवाय हलू नका, जुने कवेलू कोणाच्या परसात पडून असतील तर तेही चालतील, रविवारी सकाळी आठला वाड्यावर या, ज्यांना शिडी चढता येते त्यांनी आधी.

आपला, सचिव