वस्तरा शिका, पण आधी हात बसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण सरत आला. महिनाभर राखलेल्या दाढ्या पिठोरी अमावास्या उलटली की उतरतील, आणि चतुर्थीपर्यंतच्या त्या दोन-तीन दिवसांत आमच्यासारख्या सलूनवाल्यांना पाठ टेकायला वेळ मिळणार नाही. मालवणात माझं छोटं सलून आहे, वडिलांच्या हातून माझ्याकडे आलेलं. अलीकडे याच दिवसांत कॉलेजची मुलं गळ्याला टॉवेल धरून, अर्धी दाढी तशीच ठेवून दारात येतात. उघडा वस्तरा ऑनलाइन मागवलेला असतो, मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघितलेला असतो आणि चाकरमानी भावंडं यायच्या आत महिन्याची दाढी उतरवायची घाई असते. हनुवटीखाली नाहीतर गळ्याच्या घाटीवर, म्हणजे कंठमण्यावर, कापून घेतलेलं असतं. आपल्या वर्तमानपत्रातून या मुलांशी चार शब्द बोलावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुलांनी वस्तरा हातात घेऊ नये, असं मी मुळीच म्हणत नाही. जरूर घ्यावा. हात बसला की वस्तऱ्यासारखी दाढी दुसरी नाही, शिवाय दर आठवड्याला प्लॅस्टिकचं रेझर कचऱ्यात जात नाही. माझा आक्षेप आहे तो मुहूर्ताला. महिन्याची दाढी ही नवशिक्याने पहिला हात चालवायची जागाच नव्हे. लांब केस पात्यात अडकतात, पातं अडलं की माणूस जोर लावतो, आणि खालची कातडी महिनाभर झाकलेली असल्यामुळे नाजूक झालेली असते. आम्हीसुद्धा अशी दाढी आधी कात्रीने नाहीतर ट्रिमरने उतरवतो, मगच वस्तरा लावतो.

कापतं कशामुळे, हे एकदा नीट समजून घ्या. पातं धारदार आहे म्हणून कापत नाही, उलट बोथट पात्याने जास्त कापतं, कारण ते दाबावं लागतं. विळीवर पिकलेला टोमॅटो नुसता ठेवला तर चिरत नाही, धारेवरून ओढला की चिरतो. गालावरही तेच घडतं. वस्तरा धारेला काटकोनात, सरळ पुढे चालला पाहिजे. धारेच्या लांबीच्या दिशेने तो बोटभर जरी सरकला, तरी रेघ उमटलीच. नवशिक्याच्या बहुतेक जखमा या सरकण्याच्या असतात, नाहीतर पात्याचं टोक टोचल्याच्या. आपल्याकडे साधं ब्लेड मोडून अर्धं पातं वस्तऱ्यात घालतात. त्या अर्ध्या पात्याची टोकं फार तिखट असतात. ब्लेड कागदासकट मोडावं, पातं बसवल्यावर टोक बाहेर डोकावत नाही ना हे बघावं, आणि प्रत्येक दाढीला नवं पातं घ्यावं. पात्यात काटकसर नको.

वडिलांनी मला शिकवलं ते रिकाम्या वस्तऱ्यावर. पातं न घालता, तोंडाला साबण लावून, आरशासमोर उभं करायचे आणि मागून माझं मनगट धरायचे. ‘हात हलको ठेव, वस्तरो आपणच चालता,’ एवढंच बोलायचे. पुढे फुगा आला. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि पात्याने तो फेस उतरवायचा. फुगा फुटला की हात जड आहे हे कोणी सांगावं लागत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी आजही याच वाटेने नेतो. घरी शिकणाऱ्यालाही ही वाट मोकळी आहे, तिला खर्च काहीच नाही.

पातं घातल्यावर पहिले काही आठवडे फक्त दोन गाल. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने करावी. गाल सपाट असतो, तिथे हाताला कोन कळतो. वस्तरा गालावर आडवा टेकवून त्याची पाठ साधारण 30 अंश उचलायची. त्यापेक्षा जास्त उभा धरला तर कातडी खरवडते, फारच आडवा धरला तर केस ओढला जातो. फटके छोटे, इंच-दीड इंचाचे. आधी कोरडं बोट फिरवून केस कुठल्या दिशेने वाढतात ते बघून ठेवायचं आणि त्याच दिशेने, म्हणजे सुलटा हात चालवायचा. गळ्यावर केस बरेचदा आडवे किंवा भोवऱ्यासारखे असतात, तिथे बघितल्याशिवाय वस्तरा लावूच नका. उलटा हात नवशिक्यासाठी नाही.

आता डावा हात. व्हिडिओत तो दिसतो, पण तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. निम्मं काम डाव्या हाताचं असतं, कारण सैल कातडीवर पातं ठेवलं की पुढे घडी पडते आणि पातं त्या घडीत शिरतं. गालाची कातडी कानाकडे ओढायची. जबड्याखाली वस्तरा न्यायचा असेल तर तिथली कातडी वर, गालाच्या हाडाकडे आणायची. हनुवटीला खालचा ओठ दातांवर आत घ्यायचा, मिशीच्या जागी वरचा ओठ खाली ताणायचा. घाटीवरून वस्तरा कधीच न्यायचा नाही, तिथली कातडी बाजूला सरकवून सपाट भागावर काम करायचं. बोटं फेसाने निसटत असतील तर ओल्या तुरटीवर घासून घ्या, पकड येते.

फेसाबद्दल कोकणातली एक अडचण सांगतो. खाडीलगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि त्यात साबणाला धड फेस येत नाही. पातळ फेसाखाली पातं अडखळतं. दाढीपुरतं तांब्याभर गोडं पाणी बाजूला ठेवा, कोमट करा आणि केस दोन-तीन मिनिटं चांगले भिजू द्या. भिजलेला केस मऊ होतो, मग जोर लागत नाही.

पावसाळ्यात दमट हवेने गळ्यावर पुटकुळ्या येतात, कुणाला गजकर्ण उठतं. त्यावरून वस्तरा फिरवू नये, फिरवला तर ते तोंडभर पसरतं. अशा वेळी दाढी वाढू द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी वस्तरा घरी शिकायच्या फंदात पडू नये.

कापलंच तर स्वच्छ कपडा जखमेवर दाबून धरा आणि काही मिनिटं उचलून बघू नका. मग ओली तुरटी टेकवा. तंबाखू, चुना असलं काही भरू नका. तुरटीचा खडा मात्र स्वतःचाच हवा, आणि वस्तराही. होस्टेलवर, क्रिकेटच्या टीमबरोबर गेल्यावर मुलं एकाच वस्तऱ्याने दाढ्या करतात, याची मला खरोखर भीती वाटते. हिपॅटायटिस ‘बी’ या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो, आणि त्याला डोळ्यांना दिसेल एवढं रक्त लागत नाही. ‘बी’वर लस आहे, ‘सी’वर अजून नाही. सलूनमध्येसुद्धा पातं तुमच्यासमोर बदललं नाही तर बदलायला सांगा. कुठल्याही चांगल्या कारागिराला त्याचा राग येणार नाही.

आजोबांचा जुना पोलादी वस्तरा कुणाच्या घरी असेल तर तो शिकायला घेऊ नका. त्याला पट्ट्यावर धार राखणं हे वेगळंच काम आहे. पण जपून जरूर ठेवा. आपल्या खाऱ्या हवेत त्याला एका रात्रीत गंज चढतो, म्हणून पूर्ण कोरडा करून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून मगच मिटवा.

आमच्याच व्यवसायातले काही जण म्हणतात, मुलांना दाढी शिकवली तर गिऱ्हाईक जाईल. मला हे पटत नाही. घरी दाढी करणारा माणूस केस कापायला आमच्याकडेच येतो, आणि ज्याने स्वतः वस्तरा धरलाय त्याला आमच्या हाताची किंमत जास्त कळते. श्रावणात दुपारी खुर्च्या रिकाम्या असतात. पुढच्या वर्षापासून जिल्ह्यातल्या सलूनवाल्यांनी त्या दुपारी गावातल्या चार मुलांना रिकामा वस्तरा धरायला शिकवावं, अशी माझी सगळ्यांना विनंती आहे.

यंदा ज्यांच्या घरी वस्तरा येऊन पडलाय त्यांनी चतुर्थीची दाढी सलूनमध्येच करावी. पाच दिवसांचे गणपती गेले की आमची गर्दी ओसरते. मग आपापल्या गावातल्या ओळखीच्या सलूनमध्ये दुपारी तीननंतर जा, वस्तरा बरोबर न्या, पातं घरीच ठेवा.

आपला,
एक सलून व्यावसायिक, मालवण
(नाव व पत्ता संपादकांकडे)