गाडी तापलेली असतानाच दोष सापडतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या देखभालीवर आलेला लेख वाचला. चालती गाडी बंद पडून पुन्हा सुरू होत नसेल तर कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उतरवून साफ करून घ्यावा, असा सल्ला त्यात आहे. या सल्ल्यापायी धडधाकट कार्बोरेटर विनाकारण खोलले जातात, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर किंवा जुनी मारुती ८०० एप्रिल-मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना बंद पडते. कितीही सेल्फ मारा, दाद देत नाही. अर्ध्या तासाने मात्र काही झालेच नाही अशी सुरू होते. गॅरेजला पोहोचेपर्यंत इंजिन निवलेले असते. मिस्त्रीला दोष दिसतच नाही, मग तो अंदाजाने कार्बोरेटर उघडतो. आमच्या पद्मिनीचा कार्बोरेटर एका गॅरेजमध्ये असाच उघडला गेला, बिलही झाले. दोष ठिणगीसाठी करंट पुरवणाऱ्या कॉईलमध्ये होता.

म्हणून तपास व्हायला हवा तो रस्त्याच्या कडेला, गाडी बंद पडल्यावरच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. प्रश्न एकच: पेट्रोल पोहोचत नाही, की करंट येत नाही?

पहिला सुगावा गाडीच देते. झटके खात, मिसिंग करत बंद पडली तर बहुधा पेट्रोल. चावी फिरवल्यासारखी एकदम बंद झाली तर बहुधा करंट. पण एवढ्यावर थांबू नये. इग्निशन बंद ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढावे, कार्बोरेटरच्या तोंडात पाहत ॲक्सिलरेटरचा दांडा हाताने ओढावा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल आहे. धार नाही, तर गाडी तापलेली असताना पहिला संशय वाफेचा. गाडी थांबली की बॉनेटखाली वारा खेळत नाही, उष्णता उलट वाढते. पाइपात आणि टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपात (मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात) पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ पुढे ढकलता येत नाही. पंपावर आणि पाइपावर ओले फडके ठेवून गाडी सुरू झाली तर निदान पक्के. टाकीचे झाकणही उघडून पाहावे. फुस्स आवाज होऊन हवा आत गेली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे आणि पंपाला पेट्रोल ओढताच येत नाही. यात कार्बोरेटरचा काय दोष?

धार उडत असेल तर फिल्टरचे झाकण आधी परत बसवावे. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पाडणे जिवावर बेतू शकते. डिकीत ठेवलेला जादा प्लग इंजिनच्या एका प्लगवरून काढलेल्या वायरला लावून कार्बोरेटरपासून लांब, इंजिनच्या उघड्या धातूला टेकवावा, वायर कोरड्या फडक्याने धरावी आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. निळी, तडतडणारी ठिणगी हवी. पिवळी, मलूल असेल किंवा नसेलच, तर कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे सीबी पॉइंट, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर आणि कॉईल पाहावी. कॉईलच्या आतल्या तारांचे आवरण जुने झाले की तापल्यावर करंट आतच गळतो आणि थंड झाल्यावर ती पुन्हा नीट चालते. म्हणूनच वाफेचा आणि कॉईलचा दोष वरून अगदी सारखा दिसतो.

धारही आहे, ठिणगीही आहे आणि पेट्रोलचा उग्र वास येतो आहे, तर इंजिन ओव्हरफ्लो झाले आहे. चोक (थंड इंजिन सुरू करताना ओढायची खुंटी) आत ढकलावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा. ॲक्सिलरेटर पुन:पुन्हा दाबल्या-सोडल्याने पेट्रोल आणखी साचते.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, कडक होऊन चिरतात. चिरलेल्या पाइपातून पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो, आणि गळतीमुळे आगीचाही धोका असतो. दर उन्हाळ्यापूर्वी इथेनॉलला टिकणारे पाइप घातले आहेत का, हे मालकांनी मिस्त्रीसमोर उभे राहून पाहावे.

पुरवणीच्या पुढच्या अंकात ही धारेची आणि ठिणगीची तपासणी छायाचित्रांसह छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा