पैशाने डोळे झाकतात
मा. संपादक, सप्रेम नमस्कार.
आमच्या इंदूरात हल्ली उपासना संपली की चर्चच्या बाहेर प्लॉटचे रेट, एसआयपी आणि कोणाची कार कितीची हेच चालू असतं, मनाला फार लागतं हो. बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायातली लावदिकीयाची मंडळी (तिथला ख्रिस्ती समाज) आठवा, ते शहर (आजच्या तुर्कस्तानात) इतकं श्रीमंत की इ.स. 60 च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता स्वतःच्याच पैशाने परत उभं राहिलं, पण तिथल्या मंडळीला प्रभू येशू म्हणतो तू आंधळा आहेस, डोळ्यात अंजन घाल! कमवणं पाप नाहीये, प्रेषित पौलानेही पैशाच्या लोभालाच वाईटाचं मूळ म्हटलंय. चर्चच्या पाळकांनी निदान दानाच्या आकड्यावरून पुढच्या खुर्च्या देणं तरी थांबवावं, बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात 2ऱ्या अध्यायात हे साफ मना केलंय.
– एक वाचक, इंदूर