बाबा, माझं काम नेमकं काय

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी विचारलं, "सगळं एआयच करणार म्हणतात, मग तू त्यात काय करतेस?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी या वाटेला लागले ती टेरी विनोग्राड या संगणकशास्त्राच्या अमेरिकन प्राध्यापकांचं वाचून, तेव्हा आधी त्यांच्याबद्दल सांगते.

१९६८ ते १९७० च्या दरम्यान, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात पीएचडी करताना, त्यांनी 'श्रुडलू' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर एक टेबल, त्यावर रंगीत ठोकळे, पिरॅमिड आणि एक खोका. साध्या इंग्रजीत 'मोठा लाल ठोकळा उचल' असं टाइप केलं की तो उचलायचा. त्यावर दुसरा ठोकळा असला तर आधी तो बाजूला ठेवायचा. 'पिरॅमिड धर' म्हटलं तर कोणता पिरॅमिड ते कळलं नाही, असं उत्तर द्यायचा. अमुक का केलंस, याचं कारणसुद्धा सांगायचा. लोक थक्क झाले.

विनोग्राड मात्र त्या कौतुकात अडकले नाहीत. त्या टेबलाबाहेरचं यंत्राला काही म्हणजे काही कळत नव्हतं. १९७३ पासून ते अमेरिकेतल्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. १९८६ मध्ये फर्नांडो फ्लोरेस यांच्याबरोबर त्यांनी एक पुस्तक लिहिलं. हे फ्लोरेस चिली देशात राष्ट्राध्यक्ष अलेंदेंच्या सरकारात मंत्री होते, लष्करी उठावानंतर तुरुंगात होते. त्या पुस्तकातला एक विचार मला फार पटतो: बोलताना माणूस स्वतःला बांधून घेतो. बाबा, तुम्ही कुणाला 'उद्या येतो' म्हणालात की पाऊस असो, पाय दुखत असो, जाताच. यंत्र असा शब्द देऊ शकत नाही. मग त्याला माणूस बनवण्यापेक्षा माणसाच्या हातातलं चांगलं साधन का बनवू नये? पुढे विनोग्राड यांनी स्टॅनफर्डला हाच विषय शिकवला, माणूस आणि संगणक यांच्यातला व्यवहार. गूगलचे एक संस्थापक लॅरी पेज त्यांचेच विद्यार्थी. पण ज्या कामानं नाव झालं त्याच्या मर्यादा स्वतःच मांडायच्या, याला जी हिंमत लागते ती मला जास्त मोठी वाटते.

आता माझं काम. आई, मागे हयातीच्या दाखल्याच्या वेळी तुझा अंगठा यंत्र घेईना. तू पदराला बोट पुसून पुन्हा पुन्हा ठेवत होतीस आणि काउंटरवरचा मुलगा म्हणत होता, "आजी, नीट दाबा." शाळा आणि घर दोन्ही ओढून बोटांवरच्या रेषा झिजल्या, यात तुझं काय चुकलं? ते यंत्र करणाऱ्यानं तुझ्या वयाची बोटं आधी बघायला हवी होती. मी तेच बघते. ॲप बाजारात जाण्याआधी वापरणाऱ्यांच्या शेजारी बसते, कुठे अडतात ते टिपते आणि आमच्या इंजिनिअरांच्या मागे लागून बदलून घेते.

आता फोनवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो. दिवाळीला आले की आपण करू. मी शेजारी बसेन, पण बटणं तूच दाब. जिथे कळणार नाही तिथे थांब आणि मला सांग, मी लिहून घेईन.

बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये.

तुमची,
मनू